आमच्या सोसायटीचे सिनेटर

दुखवट्याचा ठराव वाचताना माणसानं आवाज जड ठेवावा, नजर खाली ठेवावी आणि शब्द तोलून वाचावेत. पहिल्या दोन गोष्टी मला जमल्या. आप्पांच्या फोटोला हार घातलेला, उदबत्तीचा सगळा धूर माझ्याच नाकात, समोर अख्खी सोसायटी माना खाली घालून उभी. मी सेक्रेटरी या नात्यानं गंभीर सुरात शेवटची ओळ वाचली, “...असा हा दुखवट्याचा ठराव बहुमताने मंजूर करण्यात येत आहे.”

मागं कुणीतरी खोकलं. त्या खोकल्यात हसू होतं. अध्यक्षांनी मला कोपरानं ढोसलं आणि कुजबुजले, “बहुमतानं काय बे? विरोध कुणाचा हाय?”

माझी नजर आपोआप फोटोकडं गेली. फोटोतले आप्पा असं तोंड करून बघत होते, की आता छत्री टेकत उठतील आणि म्हणतील, “माझा विरोध नोंदवा.”

चूक माझी, पण सवय त्यांची. मी या सोसायटीचा सेक्रेटरी कसा झालो, तर सभा चालू असताना चहा सांगायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर निवड झालेली. तेव्हापासून जेवढे ठराव लिहिले त्यांच्याखाली ‘बहुमताने’ हाच शब्द लिहीत आलो, कारण हॉलमध्ये सगळे हात वर असले तरी एक हात छत्रीच्या मुठीवरच असायचा. ‘सर्वानुमते’ लिहायची वेळ एकदाच आली.

आप्पांचं बाजारात भुसाराचं दुकान होतं. ते मुलाच्या हाती देऊन आप्पा घरी बसले, आणि घरी बसून करायचं काय, तर सोसायटी. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि काखेत बारा महिने छत्री. सोलापुरात पाऊस तो किती! विचारलं तर म्हणायचे, “पावसासाठी कोण घेतंय? उनासाठी हाय. आन् कुत्र्यासाठी.”

मी मूळचा कुर्डुवाडीचा, रेल्वेवाल्याचा मुलगा. कन्नड म्हणजे मला फक्त स्टेशनच्या पाट्यांवर दिसलेलं. नवीन राहायला आलो तेव्हाच्या पहिल्याच सभेत कुणीतरी फाटकाला निळा रंग द्यायचं सुचवलं, तर मागच्या रांगेतून भरदार आवाज आला, “ब्याड!” मी चमकलो. धोतरातला म्हातारा आणि इंग्रजी! पुढचा विषय बोअरच्या मोटारीचा. पुन्हा, “ब्याड!” शेजारी बसलेल्या माणसावर छाप पाडावी म्हणून मी हळूच म्हणालो, “आजोबांचं इंग्रजी जरा कच्चं आहे, पण मत पक्कं आहे.” तो माणूस म्हणजे आप्पांचा मुलगा निघाला.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती पोट धरून हसायला लागली. ती अक्कलकोटची. घरात मराठी आणि गल्लीत कन्नड अशी वाढलेली. म्हणाली, “अहो, ब्याड म्हणजे नको! कानडीत. इंग्रजी कुठलं आलं त्यात?”

आप्पांना काय काय नको होतं हे सांगत बसलो तर माझीही गणपूर्ती तुटेल. फाटकाला निळा रंग नको, देखभाल वर्गणी फोनवरून भरणं नको, सभेनंतरच्या चहाच्या जागी कॉफी तर नकोच नको. हॉलमध्ये पंखा बसवायचा विषय आला तेव्हा ते म्हणाले, “पंखा लावला की माणसं उगं बोलत बसत्यात.” आणि हा एवढासा मुद्दा समजावून सांगायला त्यांनी उपरण्यानं घाम पुसत पाऊण तास घेतला. त्यांचं एक वाक्य मात्र आम्हा सगळ्यांना पाठ होतं: “बदलायला अक्कल लागत न्हाय. राखायला लागती.”

या राखण्यापायी आमची ड्रेनेजची लाइन दोन पावसाळे रखडली. विटांवरून उड्या मारत आम्ही ऑफिस गाठत होतो. आप्पा स्वतःही एका हातात धोतराचा सोगा आणि दुसऱ्या हातात छत्री असे उड्या मारत जायचे, आणि वाटेत भेटलो तर जणू दुसऱ्या कुणी अडवलंय अशा सुरात म्हणायचे, “लई घाण झालीय बघा.”

पण कोपऱ्यावरचा मोकळा प्लॉटही त्यांनीच राखला. तिथं दुकानांचे गाळे काढायचा बेत होता. सगळ्यांचे हात वर होते, त्यात माझा सर्वांत उंच. आप्पा तीन सभा बोलले आणि गाळेवाला कंटाळून निघून गेला. आज तिथं कडुनिंब आहेत, पोरं क्रिकेट खेळतात, आणि मी रोज सकाळी हात मागं बांधून, जणू ही झाडं मीच वाचवली, अशा चालीनं फेऱ्या मारतो.

आणखी एक. एका मुसलमान ट्रान्सपोर्टवाल्यानं आमच्यात बंगला घेतला, तेव्हा काही मंडळींच्या पोटात दुखायला लागलं. सरळ बोलायची हिंमत नाही, म्हणून नियमात काही बसतंय का, अशी कुजबुज सुरू झाली. आप्पा जुन्या वळणाचे, कट्टर. ते आपल्याच बाजूनं असणार हे सगळ्यांनी धरलेलं. आप्पांनी पोटनियमांची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत भर सभेत मोठ्यानं वाचली. मग चष्मा डबीत ठेवला. “कुठं लिहिलंय? दाखवा की. न्हाय ना? मग नवा नियम ब्याड.” विषय तिथंच मेला. ट्रान्सपोर्टवाले चाचा नंतर पेढे घेऊन त्यांच्याकडं गेले. “आप्पा, तुम हमारे वास्ते लडे!” आप्पा म्हणाले, “तुमच्यासाठी कोण लडलंय वो? नियमासाठी.” पेढा मात्र खाल्ला.

‘सिनेटर’ हे नाव मी दिलं. त्याचा मला बरेच दिवस अभिमान होता.

एका रविवारच्या पेपरात अमेरिकेतल्या एका वारलेल्या सिनेटरवर लेख आला होता. जुन्या मतांचा माणूस, आयुष्य तिथल्या सिनेटमध्ये गेलेलं. नवा कायदा आला की हा विरोधाला उभा. त्याची युक्ती अशी, की उभं राहून बोलायला लागायचं आणि थांबायचंच नाही, कारण बोलणारा बोलतोय तोवर मतदान घेता येत नाही. मी पेपर सभेला घेऊन गेलो आणि अध्यक्षांना हळूच दाखवला. “हे बघा, आपले आप्पा.” आमचे अध्यक्ष पद्मशाली, यंत्रमागवाले, कारखान्याच्या खडखडाटात बोलून बोलून आवाज मोठा झालेला. ते हसले ते अख्ख्या हॉलला ऐकू गेलं.

“काय हाय ते? आमाला पण सांगा की,” मागून आप्पा म्हणाले.

मी पेपरची घडी घालायला लागलो. पण वाचावं लागलं. वाटलं, आता छत्री डोक्यात बसते. आप्पा लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “बसून बोललं तर चालत न्हाय का?”

“नाही आप्पा. उभंच राहावं लागतं. बसला की संपलं.”

“पाणी?”

“पाणी चालत असेल.”

“आन् लघवीला गेलं तर?”

“मग भाषण संपलं म्हणायचं.”

आप्पा विचारात पडले. “नियम चांगला हाय,” म्हणाले. पुढच्या सभेपासून ते विरोध उभं राहून करायला लागले, आणि घरून निघताना पाणी पीत नाहीत असं त्यांच्या सुनेनं माझ्या बायकोला सांगितलं.

सिनेटरांची खरी ताकद मात्र भाषणात नव्हती, आमच्या पोटात होती. सभा रविवारी दहाला. साडेदहाला आप्पा उभे राहायचे. बाराच्या सुमाराला चहूबाजूंच्या घरांतून कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या. सोलापूरचा माणूस रविवारच्या मटणाची शिट्टी ऐकली की लोकशाही टाकून घरी जातो. एकेक जण चप्पल शोधायला लागायचा. गणपूर्ती तुटली की सभा बरखास्त. आप्पा लिंगायत, शुद्ध शाकाहारी. त्यांना कसलीच घाई नसायची.

हे सगळं फार गमतीचं होतं. मग माझ्या बायकोचा अर्ज आला.

मुलगी सासरी गेली, मुलगा पुण्याला लागला, आणि हिनं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कडक भाकरीचं काम सुरू केलं. ज्वारीची, पापडासारखी पातळ, भाजून वाळवलेली, महिना-महिना टिकणारी. घासाला कडाडणारी. आधी शेजारपाजारचे डबे, मग दुकानांच्या ऑर्डरी. भाकरी थापायला चार बायका यायला लागल्या. त्यातल्या दोघींच्या घरात तेवढीच मिळकत. तेव्हा महापालिकेनं परवाना मागितला, आणि परवान्याला सोसायटीची ‘ना हरकत’ हवी. ती मुदतीत आली नाही तर शेड बंद.

अर्ज सेक्रेटरीकडं द्यायचा असतो. तिनं स्वयंपाकघरातून येऊन तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “पोच द्या.”

“अगं, मीच आहे ना!”

“म्हणूनच. पोच द्या.”

दिली. सही-शिक्क्यानिशी.

सभेच्या आदल्या दिवशी आप्पा आमच्या दारात आले. छत्री भिंतीला टेकवून, लेकीला हाक मारावी तसं तिला म्हणाले, “यव्वा, तुझ्यावर राग न्हाय बघ. पण पोटनियमात घर म्हंजे राहायला. उद्या मी उभा राहणार हाय.”

“राहा की आप्पा,” ती म्हणाली. “आज चहा तर घ्या.”

दुसऱ्या दिवशी ते राहिले उभे. आज भाकरी, उद्या पिठाची गिरणी, परवा हॉटेल, तेरवा बार, असं करत त्यांनी आमच्या शेडमध्ये तासाभरात दारूचं दुकान उघडलं. बायको पहिल्या रांगेत. ती माझ्याकडं बघत होती. सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. मी इतिवृत्ताच्या वहीतून मान वर न काढता ‘मुद्दा क्रमांक चार’ असं लिहिलं, त्याला अधोरेखा मारली, मग त्या रेघेला आणखी एक रेघ मारली. शिट्ट्या झाल्या. हॉल रिकामा झाला. सोसायटीतच राहणारे आमचे नातेवाईकही चप्पल घालून गेले.

त्या दिवशी मी भाजीची फार तारीफ केली. ती म्हणाली, “पोच मिळाली.”

पंधरवड्यात आप्पा मुलीकडं अमेरिकेला गेले. ‘विमान ब्याड’ म्हणत म्हणतच गेले, पण नातवंड झालं होतं. मी आनंदानं बायकोला म्हणालो, “आता उरकून टाकू! आप्पा नाहीत तोवर सभा बोलावतो.”

“चोरून नको,” ती म्हणाली. “ते आल्यावर. त्यांच्या समोर.”

“अगं, मुदत...”

“मी जाऊन वाढवून आणते.”

आणि आणली. मुदत एकदाच वाढेल, हेही ऐकून आली.

आप्पा परतल्यावर मी भेटायला गेलो. ते कट्ट्यावर बसले होते. बसल्या बसल्या म्हणाले, “तुमचा तो सिनेटर बघून आलो.”

“आप्पा, तो वारला की हो.”

“वारला, पण हाय. पुतळा हाय की. मुलीच्या घरापास्नं गाडीनं अर्धा दिवस. म्हटलं, न्हेच मला. कोर्टाच्या म्होरं उभा केलाय, हात असा वर करून. बोलालाय अजून.”

मी हसलो. आप्पा हसले नाहीत.

“तितं बाकावर एक म्हातारी बसली होती. काळी. माझ्याएवढीच असंल. मुलीला म्हटलं, इचार तिला, माणूस कसा होता. मी म्हटलं चांगलं सांगंल. गावचा माणूस.” आप्पांनी छत्री हातात घेतली. “ती म्हणाली, हा दिवसभर उभा राहिला, मी बसू नये म्हणून.”

मला समजलं नाही. आप्पांनी सांगितलं. काळ्या माणसांना गोऱ्यांच्या शेजारी बसू द्यायचा कायदा येत होता. शाळेत, हॉटेलात, बसमध्ये, सगळीकडं. सिनेटरांनी घसा बसेपर्यंत बोलून अडवून धरला होता तो हाच. माझ्या पेपरातल्या लेखात तो ‘एक कायदा’ एवढाच होता.

“मग म्हणाली, पण माझ्या भावाची पेन्शन अडकली तवा यानंच सोडवून दिली. काळा-गोरा बघितलं न्हाय. कागद बरोबर होता, म्हणून दिली.” आप्पा छत्रीच्या टोकानं जमिनीवर रेघ ओढत होते. “आता तो पुतळा ठेवायचा का काढायचा, यावर तितं पण सभा चालूच हायत म्हणं. मी तिला इचारलं, तुला काय वाटतंय? ती म्हणाली, राहू दे उभा. पण खाली लिवा, कशासाठी उभा होता.”

एवढं ऐकल्यावर शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी वातावरण हलकं करायला म्हणालो, “आप्पा, तुमच्या पुतळ्याखाली काय लिहायचं मग?”

त्यांनी जमिनीवरची रेघ पायानं पुसली. मग म्हणाले, “जावा आता. ऊन लई झालंय.” संध्याकाळचे सहा वाजून गेले होते.

पुढची सभा ठरली. यात ना-हरकत मिळाली नाही तर शेडला कुलूप. मी पहिल्यांदाच डोकं चालवलं. माणसं उठून जातात ती भुकेनं. तेव्हा सगळ्यांना हॉलमध्येच खायला घालायचं. आणि आप्पांना? इथं माझी खरी कल्पना होती. आप्पांना कवळी. शिवाय त्यांचाच एक दंडक होता. लग्नाच्या पंगतीत पोरांना ते दरडावायचे, “पानात वाढलेलं टाकू न्हाय, आन् तोंडात घास असताना बोलू न्हाय.” म्हणजे आप्पांच्या हातात कडक भाकरी दिली की ते परत करणार नाहीत, आणि ती चावून होईपर्यंत बोलणार नाहीत. तेवढ्यात मतदान!

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “म्हातारं माणूस आहे. लाज वाटू द्या जरा.” पण सगळ्यांना खायला द्यायचं तिला पटलं. बाकीचंही पटलं असणार, असं मी धरून चाललो.

रविवारी साडेदहाला आप्पा उठले. छत्री टेकली, पोटनियम उघडले आणि सुरू झाले. आवाज नेहमीचा. चूल, धूर, राहायचं घर. मी वहीत मान घालून बसलो. बाराला पहिली शिट्टी झाली. मागच्या रांगेत चप्पल वाजली. तोच दारातून ही आली, मागं त्या चौघी, डोक्यावर टोपल्या. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही, फोडलेला कांदा. अध्यक्ष ओरडले, “बसा बे सगळे! वाढलालेत न्हवं का?” उठलेली माणसं बसली. हॉलभर कडाकड आवाज सुरू झाला.

आप्पा एकटेच उभे, पुस्तिका हातात. ही त्यांच्याजवळ गेली आणि ताटली पुढं केली. आप्पांनी ताटलीत बघितलं. मग तिच्याकडं बघितलं आणि कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले. कन्नड आलं म्हणजे राग आला. ही मान हलवून टोपलीकडं गेली, परत आली, ताटली पुन्हा त्यांच्या हातात दिली.

आणि आप्पा बसले.

सगळा हॉल बघत होता. विरोधाच्या मधेच आप्पा खाली बसलेले आम्ही कुणी पाहिले नव्हते. त्यांनी पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली, भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत टेकवला आणि तोंडात टाकला. त्यांचा जबडा सावकाश, एका कडेनं हलायला लागला. मनातल्या मनात मी माझीच पाठ थोपटली.

“आप्पा, बोलायचं राहिलंय का अजून काय?” अध्यक्षांनी विचारलं.

आप्पांनी तोंडाकडं बोट दाखवलं. घास आहे.

अध्यक्ष थांबले. सगळे थांबले. घास संपत आला. आप्पांनी दुसरा तुकडा मोडला.

“मग मतास टाकतो. ना-हरकत द्यायची. मंजूर?”

हात वर झाले. चाचांचा हात आधी. टोपल्यांपाशी उभ्या असलेल्या त्या चौघींना मत नव्हतं, तरी एकीनं हात वर केला. नियमाप्रमाणं मला विचारणं भाग होतं. मी उठलो आणि पहिल्यांदाच थेट त्यांच्याकडं बघून विचारलं, “विरोध?”

आप्पांनीही माझ्याकडं बघितलं. भाकरीचा बराच मोठा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. चटणी तिखट होती, शिवाय कवळी.

मी ‘सर्वानुमते’ लिहिलं. हाताला सवय नव्हती, रफार राहून गेला. नंतर दिला.

घरी येताना मी पाय हवेत टाकत होतो. रिकाम्या टोपल्या माझ्या डोक्यावर, तरी तोंड बंद नाही. “बघितलंस? याला म्हणतात डोकं! अमेरिकेच्या सिनेटला जमलं नसतं. एका कडक भाकरीत सिनेटर गप्प! अगं, सुचलं कुणाला?”

तिनं कुलूप काढलं, दिवाणखान्यात येऊन पंख्याखाली बसली, पदरानं तोंड पुसलं.

“मी त्यांना मऊ भाकरी नेली होती,” ती म्हणाली. “वेगळी केलेली, दुधात कुस्करता येईल अशी. ती त्यांनीच परत दिली. म्हणाले, ही नको यव्वा, कडक दे.”